टेम्पो, मॅटाडोर, छोटा हाथी: दुरुस्तीच्या खुणा कशा वाचाव्यात

आपल्या मंडळात किल्ले झाले, शिलालेख झाले, पोर्तुगीज काळातली देवळं-चर्च झाली. या वेळी मी लिहितोय ते गॅरेजमागे गवतात उभ्या असलेल्या जुन्या मालवाहू गाड्यांबद्दल. काही जणांना हा विषय वारसा वगैरे वाटणार नाही. पण सिल्वासाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास कागदावर जितका आहे, तितकाच या गाड्यांच्या पत्र्यावर आहे, असं माझं मत आहे. तो वाचायचा कसा, हे या लेखात सांगायचं आहे. घाई एवढ्यासाठीच की हा ‘दप्तरखाना’ सध्या किलोच्या भावाने विकला जातोय.

इथे टेम्पोच का?

थोडी पार्श्वभूमी. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झालं, १९६१ मध्ये दादरा आणि नगर हवेली भारतात रीतसर सामील झाली. त्यानंतर १९६५ मध्ये दान उद्योग सहकारी संघाची औद्योगिक वसाहत सुरू झाली आणि पुढे सिल्वासा, मसाट, खडोली इथे सरकारी वसाहती आल्या. मात्र सिल्वासात रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन वापी, साधारण १८ किलोमीटरवर. मुंबई–अहमदाबाद महामार्गही बाजूने जातो, आतून नाही. म्हणजे यंत्र असो, सूत असो की सिमेंटची गोणी, शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर कुणीतरी लहान गाडीतून आणायलाच हवं. खानवेलकडे चढ-उतार, पावसाळ्यात चिखल, गल्ल्या अरुंद. मोठा ट्रक तिथे परवडत नाही आणि बैलगाडी पुरत नाही. ही मधली जागा टेम्पोने घेतली.

‘टेम्पो’ हा शब्दच बघा. आज आपण कुठल्याही लहान मालगाडीला टेम्पो म्हणतो, पण मुळात ते हॅम्बुर्गच्या विडाल या जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये त्या कंपनीच्या सहकार्याने ‘हॅन्सिट’ ही तीनचाकी भारतात बनवायला घेतली. आधी गोरेगाव, मग १९६४ पासून पुण्याजवळचं आकुर्डी. कंपनी बजाज टेम्पो, म्हणून गाडी टेम्पो, म्हणून चालवणारा टेम्पोवाला. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, तरी भाषेतला टेम्पो काही गेला नाही.

त्यामागून मॅटाडोर आली. १९६० च्या दशकातल्या जर्मन टेम्पो–हानोमाग व्हॅनचा हा देशी अवतार. तीच व्हॅन युरोपात पुढे मर्सिडीजचा तारा लावूनही विकली गेली, हे आपल्याकडच्या फार थोड्या मालकांना ठाऊक असेल. महिंद्राच्या जीपा १९४७ पासून आणि १९६५ पासून त्यांचा एफसी-१५० हा लहान ट्रक. १९८४ मध्ये मारुतीची व्हॅन, जी पुढे ओम्नी झाली. आणि मे २००५ मध्ये टाटा एस, म्हणजे आपला छोटा हाथी; घाटावर त्याला छोटा हत्ती म्हणतात.

घरची दुरुस्ती म्हणजे काय?

कंपनीचं अधिकृत वर्कशॉप लांब, सुटा भाग मागवला तर यायला दिवस, आणि गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. म्हणून मालक, ड्रायव्हर आणि नाक्यावरचा मिस्त्री यांनी मिळून जे जमेल ते केलं. मी गेली काही वर्षं सिल्वासा, नरोली आणि भिलाडच्या गॅरेजांत बसून हे बघतो, विचारतो, वहीत लिहितो. तिथली भाषा मराठी-गुजराती-हिंदीची मिसळ, पण अवजारांची नावं पक्की: रिंग पाना, गोटी पाना, पक्कड, टॉमी, छिन्नी. एक वयस्क मिस्त्री मला म्हणाले, “भाऊ, गाडी काय बोलत नाय, पण तिला कुणी हात लावला ते सांगते.” पुढचे चार भाग म्हणजे हे सांगणं ऐकण्याची पद्धत.

पहिली खूण: इंजिन

हॅन्सिटचं इंजिन दोन स्ट्रोकचं, पुढच्या चाकाच्या वर बसवलेलं आणि साखळीने तेच चाक फिरवणारं. वजन मागे, ओढ पुढे. त्यामुळे भरलेली गाडी ओल्या चढावर पुढचं चाक गरगर फिरवायची आणि जागची हलायची नाही. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असल्याने सायलेन्सर आणि एक्झॉस्टचं भोक काजळीने बुजायचं, गाडी दम सोडायची. उपाय घरचाच: हेड उघडायचं, पिस्टन वर आणायचा, लाकडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्टीने काजळी खरवडायची. स्क्रू-ड्रायव्हर लावला की पिस्टनच्या माथ्यावर ओरखडे पडतात. आज एखाद्या हॅन्सिटचं हेड उघडलं आणि माथ्यावर आडवेतिडवे चरे दिसले, तर समजावं की हे काम रस्त्याच्या कडेला, घाईत झालंय.

मॅटाडोर डिझेलवर चालणारी. तिच्यात सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम म्हणजे ‘एअर काढणं’. डिझेल संपलं किंवा पाइपाचा जोड सैल झाला की नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. म्हणून पंप कितीही दाबला तरी नोझलपर्यंत जोर पोचत नाही आणि इंजिन नुसतं सेल खातं. पद्धत अशी. टाकीत पुरेसं डिझेल आहे ना, बघायचं. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करायचा. हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू घट्ट. मग हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. तरी चालू झाली नाही तर नोझलच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल मारायचा. एक सावधगिरी: नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट कधीही धरू नये. तो जोर कातडी भेदून आत जातो आणि जखम दिसते त्याहून फार वाईट असते. खूण काय? एअर स्क्रूचे कोपरे. ते झिजून गोल झाले असतील तर ही गाडी रस्त्यात बऱ्याचदा थांबलीय.

जीप आणि एफसी गाड्यांची गोष्ट वेगळी. त्या मुळात पेट्रोलच्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं, डिझेल त्या मानाने स्वस्त राहिलं, आणि देशभर पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याचा धंदा जोरात चालला. खुद्द महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. पण गॅरेजात बसवलेलं डिझेल ओळखू येतं. इंजिनाचे पाय, म्हणजे माउंटिंग, गॅसने कापून पुन्हा वेल्डिंग केलेले असतात, कारण डिझेल इंजिन जड आणि जास्त थरथरणारं. इग्निशन कॉइलची जागा रिकामी, भोकं मात्र तशीच. डॅशबोर्डवर नंतर पाडलेली दोन भोकं: एक हीटरच्या बटणाचं, दुसरं इंजिन बंद करायला ओढायच्या तारेचं. डिझेल चावीने नव्हे, तेल तोडून बंद करावं लागे. जुने ड्रायव्हर अजून ‘स्टॉप खेच’ म्हणतात ते म्हणूनच.

छोटा हाथीबद्दल एकच गंमत. त्याचं ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन म्हणजे इंडिका गाडीच्या १४०५ सीसी इंजिनाचा जवळजवळ बरोबर अर्धा भाग. ताकद १६ अश्वशक्ती. कंपनीनेच केलेला जुगाड म्हणा ना.

दुसरी खूण: पाटे

मागच्या ॲक्सलवरच्या पोलादी पट्ट्यांच्या जुडीला कुणी कमान म्हणतं, कुणी पाटे. सगळ्यात लांब तो मेन पाटा. सगळ्या पट्ट्या मधोमध एका सेंटर बोल्टने बांधलेल्या असतात आणि यू-क्लॅम्पने ॲक्सलला आवळलेल्या. तो सेंटर बोल्ट तुटला की ॲक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरकी, खेकड्यासारखी चालते.

आता इथली सगळ्यात मोठी ‘सुधारणा’: पाटा वाढवणं. सुरुवातीच्या टाटा एसची वहनक्षमता होती ७५० किलो. पण मालकाला एका फेरीत दीड टन न्यायचा असतो. मग मागे एक-दोन पाटे वाढवायचे, हौद्याला लोखंडी चौकट चढवायची, फाळके उंच करायचे. गाडी बसत नाही, मालक खूश.

पण पाटा वाढवल्याने गाडीची फक्त एकच गोष्ट बदलते: ती कमी दबते. ब्रेक तेवढेच राहतात, टायर तेवढेच, ॲक्सलच्या बेअरिंगा तेवढ्याच, चेसिसही तीच. पूर्वी जो धक्का पाटे लवून पोटात घालत, तो आता थेट चेसिसवर जातो. रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते, मागचं चाक जमिनीवर टेकत नाही, आणि नेमका तेव्हाच ब्रेक लागत नाही. चेसिसला तडा जातो तो बहुतेक पाट्याच्या हँगरजवळ. मग त्यावर पट्टी वेल्ड होते. चांगला वेल्डर आधी तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडतो, म्हणजे तडा पुढे धावत नाही, आणि मगच शिवतो. घाईचा वेल्डर नुसता वरून लेप देतो; काही महिन्यांत तडा पट्टीच्या शेजारून पुन्हा निघतो.

म्हणून जुन्या टेम्पोखाली वाकून पाटे मोजावेत. बाकीच्यांपेक्षा वेगळ्या जाडीचा, वेगळ्या गंजाचा पाटा दिसला तर तो नंतर घातलेला. चेसिसवरच्या पट्ट्या मोजाव्यात. त्या गाडीने काय भार वाहिला, याचा यापेक्षा खरा पुरावा भाड्याच्या पावतीतही मिळत नाही. पावतीवर वजन कमीच लिहिलेलं असतं.

तिसरी खूण: पत्रा

आपल्याकडचा पाऊस म्हणजे गाडीचा शत्रू. गंज बाहेरून दिसतो तिथे सुरू होत नाही. तो आतून येतो, पोकळ पट्ट्यांमधून, जिथे पाणी वाहून जायची भोकं चिखलाने बुजलेली असतात. रंगाला फोड आला म्हणजे आतला पत्रा केव्हाच गेलेला असतो.

तपासायला दोन साध्या गोष्टी पुरतात. लहान हातोडीने हलके ठोकत जायचं. चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला भद्द. आणि दुसरं, लोहचुंबक. जाड लांबी भरलेल्या जागी तो चिकटत नाही. अशा ठिकाणी खाली ठिगळ असतं, किंवा काहीच नसतं. मी पाहिलेल्या एका मॅटाडोरच्या दाराखाली ऑइलच्या डब्याचा पत्रा रिबेट मारून बसवला होता, आतल्या बाजूला डब्यावरची छपाई अजून वाचता येत होती.

दुरुस्ती करायची तर सडलेला भाग पूर्ण कापून, चांगल्या पत्र्यापर्यंत जाऊन मगच नवा जोडावा. वरून ठिगळ मारलं की दोन पत्र्यांमध्ये पाणी बसतं आणि दोन्ही जातात. जस्ताचा पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर विषारी असतो, तेव्हा जोडाच्या कडेचं जस्त आधी घासून काढावं आणि काम उघड्यावर करावं. डिझेल किंवा पेट्रोलची टाकी, रिकामी असली तरी, घरी कधीही वेल्ड करू नये. आणि गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही. खाली घोडे लावल्याशिवाय डोकं आत घालू नये.

चौथी खूण: वायरिंग आणि नंबर प्लेट

जुन्या गाड्यांत डायनामो असे. इंजिन हळू चालू असताना तो पुरेशी वीज देत नसे, म्हणून नाक्यावर थांबलं की दिवे मंद. पुढे बऱ्याच जणांनी आल्टरनेटर बसवला. खूण म्हणजे जुन्या कटआउटची डबी, जी कुणी काढत नाही, तशीच स्क्रूने लटकत राहते. मॅटाडोर पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर हेडलाइटला रिले लावणं ही स्वस्तातली आणि चांगली सुधारणा: मोठा प्रवाह स्विचमधून जात नाही, स्विच तापत नाही, उजेड वाढतो. आणि जुनी वायर न कापता करता येते, म्हणजे उद्या काढून टाकली तरी मूळ गाडी शाबूत.

नंबर प्लेटवरूनही बरंच कळतं. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि आजची क्रमांकपद्धत आली. डीएन-०९ हा आपल्या सिल्वासाचा पूर्वीचा क्रमांक, जीजे-१५ म्हणजे वलसाड, एमएच-०४ म्हणजे ठाणे. जुन्या प्लेटवर रंग चढवून नवी अक्षरं लिहिली असतील तर तिरप्या उजेडात खालची अक्षरं उमटतात. त्यावरून गाडी कुठून कुठे विकली गेली, हे कळतं. इथल्या बऱ्याच गाड्या आधी ठाणे-नाशिककडे राबून मग इकडे आल्या.

वारसा कुणाचा मानायचा?

आता मुद्द्याची गोष्ट. केंद्राने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण हे नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहेत. व्यापारी वापर चालत नाही. म्हणजे ज्या तीनचाकीने आपल्या भाषेला टेम्पो हा शब्द दिला, ती यात बसतच नाही. आणि बसली असती तरी ‘मूळ रूप’ आणायचं कुठून? मूळ रूपात राहिल्या त्या बंगल्यातल्या मोटारी. टेम्पो जगला तो रूप बदलत बदलत. दुरुस्ती झाली नसती तर गाडी उरली नसती. आणि दुरुस्ती झाली म्हणून ती वारसा नाही!

दुसऱ्या बाजूने कायद्याचंही ऐकलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या तपशिलात मालकाने मनाने बदल करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. इंधन बदलायला मान्यताप्राप्त सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीचं किट चालतं, तेही आरटीओच्या नोंदीसह. हे काही उगाच नाही. वाढवलेल्या पाट्यांचं वर लिहिलंच आहे. त्याची किंमत समोरून येणारा मोटारसायकलवाला देतो. म्हणून माझं म्हणणं ‘जुगाड चालू ठेवा’ असं नाही. रस्त्यावर धावणारी गाडी कायद्यात आणि ब्रेकसकट ठीक असावी. पण जी गाडी आता धावणारच नाही, तिच्यावरचे बदल हा गुन्ह्याचा पुरावा नसून कामाचा पुरावा आहे, आणि तो तसाच वाचला जावा.

मला विचाराल तर अशी गाडी रंगवून नवी कोरी करणं हेही एक प्रकारे नुकसानच. डब्याचा पत्रा काढून कंपनीसारखा पत्रा बसवला की गाडी सुंदर दिसेल, पण चाळीस वर्षं पुसली जातील. मंडळाला एखादी मॅटाडोर मिळालीच, तर गंज थांबवावा, ब्रेक आणि टायर ठीक करावेत आणि ठिगळं तशीच ठेवावीत.

स्क्रॅपला देण्याआधी

२०२१ च्या स्क्रॅप धोरणानंतर आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची फिटनेस फी वाढल्यानंतर जुन्या गाड्या झपाट्याने जातायत. मालकाला दोष देता येत नाही. उभी गाडी जागा खाते. प्रत्येक गाडी वाचवणं शक्यही नाही. पण अर्ध्या तासाची नोंद शक्य आहे. आपल्या ओळखीत कुणाची अशी गाडी असेल तर एवढं करा:

१. चारही बाजूंनी, खालून आणि इंजिनाचा फोटो काढा. काहीही पुसण्याआधी.
२. कंपनीची पट्टी आणि बॉडी बांधणाऱ्याची पट्टी असेल तर तीही. बॉडी बिल्डरच्या गावाचं नाव बहुतेक वेळा तिथेच मिळतं.
३. पाटे मोजा, चेसिसवरच्या पट्ट्या मोजा, लिहून ठेवा.
४. फाळक्यावर, काचेवर रंगवलेली नावं, देवाचं नाव, गावाचं नाव, पेंटरची सही, सगळं टिपून घ्या.
५. मालक किंवा जुना ड्रायव्हर भेटला तर चार प्रश्न विचारा: पहिल्यांदा काय वाहिलं, सगळ्यात जड काय वाहिलं, कुठे बंद पडली, कुणी चालू केली. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण आधी विचारून.
६. आरसी आणि चेसिस नंबरचा फोटो मालकाकडेच राहू द्या. तो आपल्या पानावर टाकू नका.

शक्य असेल तर शेवटी एक भाग मागून घ्या: वाढवलेला पाटा, कटआउटची डबी, रंगवलेला फाळका. भंगारात त्याचे फारसे पैसे येत नाहीत, आणि मालक बहुतेक हसत हसत देतो. त्यावर गाडीचा प्रकार, गाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधा. नुसता ठेवलेला पाटा दोन वर्षांनी कुणालाच ओळखू येणार नाही.